वेश आणि वंश

परप्रांती राहणाऱ्या मराठी माणसाच्या मनात काही प्रश्न असे असतात की ते घरी असताना त्याला कधी पडलेच नसते. सातारला किंवा नगरला कोणी डोक्याला फेटा बांधला, तर त्याला तो बांधण्याचा अधिकार आहे काय, असे कोणी विचारीत नाही. बंगळुरास मात्र हा प्रश्न निघतो. शिवजयंतीच्या दिवशी जे भगवे फेटे दिसतात, त्यांतले निम्मे चेहरे आपसांत कानडी बोलत असतात. काहींची मराठी तमिळच्या वळणाने जाते, काहींना ती केवळ समजते. कोणाचे आडनाव गायकवाड असते आणि आजोळ कोलारकडचे तेलुगू असते, तर कोणाला आपले कूळच ठाऊक नसते; ‘आम्ही पूर्वी शहाजीराजांबरोबर आलो’ एवढेच घरात चालत आलेले असते. मग बदलीवर आलेला आपल्यासारखा एखादा नोकरदार हळूच म्हणतो, ‘हे कसले मराठे?’ प्रश्न तीन शब्दांचा असला तरी त्याच्या पोटात बरेच काही आहे. वेश हा वंशाचा दाखला आहे काय? आणि ज्याचा वंश संशयित अथवा मिश्र आहे, त्याने पूर्वजांचा वेश धारण करावा की करू नये?

या प्रश्नाचा विचार करावयास शिवाजीनगरइतके योग्य स्थळ दुसरे नसेल. जुन्या कॅन्टोन्मेंटचा हा भाग पूर्वी ब्लॅकपल्ली या नावाने ओळखला जाई. १९२७ साली बांधलेला रसेल मार्केट, सेंट मेरीचे भव्य देवालय, आसपासच्या मशिदी, उर्दू, तमिळ आणि कानडी यांची अखंड सरमिसळ, अशा या वस्तीला महाराष्ट्राच्या छत्रपतीचे नाव आहे. मराठी माणसांची संख्या मोजून कोणी ते दिलेले नाही. नाव हाही एक वेशच होय, आणि तो वंश विचारून चढविला जात नाही. येथून थोड्याच अंतरावर, कब्बन रस्त्यावर, सेंट अँड्र्यूज नावाचे स्कॉटिश प्रार्थनामंदिर उभे आहे. १८६४ साली त्याची कोनशिला बसली व १८६६ साली ते उपासनेसाठी खुले झाले. त्या मंदिराचा उल्लेख येथे उगाच केलेला नाही. आमच्या फेट्याविषयी जो प्रश्न येथे निघतो, तोच प्रश्न स्कॉटिश लोकांत त्यांच्या ‘किल्ट’विषयी दीर्घकाळ चर्चिला गेला आहे, आणि दुसऱ्याच्या घरातला वाद पाहिला की आपल्या घरातला वाद अधिक स्पष्ट दिसतो.

किल्ट म्हणजे कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा, मागे चुण्या घातलेला लोकरी वेश. त्याच्या कापडावर रंगीत चौकड्या असतात. त्या विणीला टार्टन म्हणतात. प्रत्येक कुळाची टार्टन निराळी, आणि ती अनादि काळापासून चालत आलेली, अशी लोकसमजूत आहे. साहजिकच ज्याची आजी मॅकडोनाल्ड पण आजोबा इंग्रज, किंवा ज्याच्या घराण्याचा केवळ कर्णोपकर्णी वृत्तांत शिल्लक आहे, त्याच्यापुढे पेच पडतो: कोणत्या कुळाची चौकडी नेसावी? की नेसूच नये?

परंतु इतिहासाची पाने उलटली की ही अनादिता फार लांब जात नाही. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील, म्हणजे हायलंडमधील, जुना वेश एका लांब पट्ट्याचा होता. तोच अंगाभोवती गुंडाळून कमरेला आवळीत. त्याचा खालचा भाग सुटा करून आजचा आटोपशीर किल्ट प्रचारात आला तो अठराव्या शतकात. लोखंडाची भट्टी चालविणारा थॉमस रॉलिन्सन नावाचा एक इंग्रज यात अग्रेसर होता, असे त्याच शतकात लिहिले गेले. त्यावर स्कॉटिश अभ्यासकांत वाद आहे. पण या राष्ट्रीय वेशाच्या जन्मकथेत एका परक्याचे नाव यावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १७४५ च्या बंडानंतर इंग्रज सरकारने कायदा करून हायलंडच्या पुरुषांना हा वेश घालण्यास मनाई केली. पहिल्या अपराधाला सहा महिने कैद आणि दुसऱ्याला सात वर्षे समुद्रापार हद्दपारी, अशी शिक्षा होती. सरकारी पलटणींतील शिपायांना तेवढी सूट होती. १७८२ साली तो कायदा रद्द झाला. तोवर एक पिढी होऊन गेली होती आणि खेडोपाडी हा वेश पुष्कळसा सुटला होता. तो जिवंत राहिला होता तो मुख्यतः सैन्यात, म्हणजे ज्या सरकारने तो बंद केला त्याच्याच चाकरीत.

पुढे १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस गेला. कित्येक पिढ्यांनंतर प्रथमच राज्यावरचा राजा स्कॉटलंडात येत होता. समारंभाची आखणी सर वॉल्टर स्कॉट या कादंबरीकाराकडे होती आणि त्याने राजाला किल्ट नेसविला. हा राजा जर्मनीतल्या हॅनोव्हर घराण्याचा. स्टुअर्ट रक्ताचा एक धागा काय तो त्याच्या खापरपणजोबांच्या आईकडून आलेला. ज्या ड्यूक ऑफ कंबरलंडने १७४६ साली कलोडनच्या रणात हायलंडचे बंड रक्तात बुडविले, तो याच्या आजोबांचा भाऊ. मिश्र वंशाचा आणि विपरीत परंपरेचा याहून मोठा दाखला कोठे शोधावा? तरीही त्या दिवसापासून किल्ट हा डोंगरातील बंडखोरांचा वेश न राहता साऱ्या स्कॉटलंडचा झाला. ज्या सखल प्रांतातील लोकांनी पूर्वी त्याची हेटाळणी केली होती, तेही तो मिरवू लागले. मग प्रत्येकाला आपल्या नावाची टार्टन हवीशी झाली आणि विणकरांनी ती पुरविली. स्वतःला स्टुअर्ट राजपुत्राचे नातू म्हणविणाऱ्या दोघा बंधूंनी १८४२ साली कुळांच्या टार्टनांचा एक जुना ग्रंथ म्हणून प्रसिद्ध केला. त्यांचा वंशही बनावट होता आणि ग्रंथही बनावट ठरला. पण त्यातील अनेक चौकड्या त्या त्या कुळांनी आपल्या मानल्या, आणि आज त्या खरोखरच त्यांच्या आहेत.

याच इतिहासाचा एक धागा आपल्या म्हैसूर प्रांतात येऊन मिळतो. लॉर्ड कॉर्नवॉलिसने १७९१ च्या मार्चमध्ये बंगळूरचा किल्ला घेतला, तेव्हा त्याच्या फौजेत हायलंडच्या पलटणी होत्या. त्याच वर्षी पुढे हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा इंग्रजांना येऊन मिळाल्या. पागोटी आणि टार्टन एकाच मोहिमेत वावरली, असा तो प्रसंग. टिपूविरुद्धच्या युद्धांत लढलेल्या ७२, ७३, ७४ आणि ७५ या क्रमांकांच्या पलटणींचा हायलंडी वेश मात्र १८०९ साली वरिष्ठांच्या हुकमाने काढून घेण्यात आला. कारण वाचण्यासारखे आहे: हायलंडमधून पुरेशी भरती मिळत नव्हती आणि इंग्लंडातील तरुण तो वेश असल्यामुळे या पलटणींत यावयास राजी नव्हते. म्हणजे वंशाची माणसे अपुरी पडली तेव्हा वेशाचा बळी दिला गेला. उलट १८८१ साली, तोवर हायलंडशी फारसा संबंध न उरलेली ७५ वी पलटण गॉर्डन हायलंडर्समध्ये सामील करण्यात आली आणि एका हुकमासरशी तिच्या अंगावर पुन्हा किल्ट चढला. पुढे त्या वेशाची शान त्या पलटणीने राखली. सरकारी फाइलींचे येणेजाणे रोज पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना या दोन हुकमांचे मर्म वेगळे सांगावयास नको.

आता आपल्याकडे वळू. ‘यांचे कूळ सिद्ध आहे काय?’ हा प्रश्न मराठ्यांच्या इतिहासात सर्वांत मोठ्या माणसाला विचारला गेला होता, याचा विसर पडू देता कामा नये. १६७४ साली शिवछत्रपतींचा राज्याभिषेक ठरला, तेव्हा भोसले क्षत्रिय आहेत काय, अशी शंका काढण्यात आली. उदेपूरच्या सिसोदिया घराण्याशी त्यांचा वंश जोडला गेला. काशीचे गागाभट्ट पुढे आले. २९ मे रोजी, वयाच्या चव्वेचाळीसाव्या वर्षी, महाराजांची मुंज झाली आणि ६ जूनला ते सिंहासनाधीश झाले. मुंजीत गळ्यात पडणारे यज्ञोपवीत हाही एक वेश. तो वंशाच्या बळावर बालपणी मिळाला नव्हता. आधी राज्य उभे राहिले, आणि मग वंशावळ पुढे आली.

सिसोदिया वंशाचा हा दावा राज्याभिषेकाच्या वेळी एकाएकी उत्पन्न झाला, असेही नव्हे. तो त्याआधीच कवितेत आला होता, आणि आला होता याच बंगळुरात. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडांकडून बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. बाल शिवबा व जिजाबाई यांचेही येथे काही काळ वास्तव्य झाले. शहाजीराजांच्या या दरबारात नाना भाषांचे कवी होते. त्यांपैकी जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला. विसाव्या शतकात इतिहासाचार्य राजवाड्यांनी तो प्रसिद्ध केला. या चंपूत शहाजीराजांचे कूळ सिसोदियांशी जोडलेले आहे. कानडी मुलुखात बसून, अनेक भाषांच्या गजबजाटात, एका मराठी सरदाराचा राजपूत वंश संस्कृतात गाइला गेला. यापेक्षा अधिक मिश्र प्रसंग कल्पिणे कठीण.

पुढील संशोधकांनी या दाव्याची उलटसुलट चिकित्सा केली. काहींनी तो ग्राह्य धरला, काहींनी अमान्य केला. रा. चिं. ढेरे यांनी तर शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवावरील आपल्या ग्रंथात भोसल्यांचे मूळ उत्तरेत न शोधता दक्षिणेत, कर्नाटकातील सोरटूर येथे शोधले. हे मत ज्याला पटेल त्याला पटो. परंतु त्याचा परिणाम पाहा. ते खरे मानले, तर बंगळूरच्या कानडी बोलणाऱ्या मराठ्याला ‘तू आमचा नव्हेस’ म्हणणाऱ्याच्या पायाखालची जमीनच सरकते. आणि ते खोटे मानले, तरी महाराजांचे मोठेपण तिळभरही कमी होत नाही. रायगडावरील सिंहासनाचा आधार सिसोदियांच्या वंशवृक्षात नव्हता. तो स्वराज्यात होता.

आमच्या शिरोभूषणांची कथाही यापेक्षा निराळी नाही. ‘मंदील’ हा शब्द अरबी, ‘शिरपेच’ आणि ‘जामा’ फारसी. दरबारी मराठी पोशाखाचे अर्धे नामाभिधान मुसलमानी दरबारांतून आलेले आहे. शिंदेशाही पागोटे आणि होळकरशाही पागोटे ही नावे घराण्यांची, पण ती बांधणारे सारेच काही शिंदे अथवा होळकर नव्हते. ग्वाल्हेर-इंदूरकडे ज्याने त्या दौलतीचे मीठ खाल्ले, त्याने ते पागोटे बांधले. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हा कायद्याने जपले ते तिचे स्थान आणि तिची घडण. ती कोणी डोक्यावर ठेवावी यावर बंधन घातलेले नाही. शहाण्णव कुळींच्या याद्या पाहिल्या तर एक यादी दुसरीशी सर्वस्वी जुळत नाही. वंशाचे जे पुस्तक आम्ही दुसऱ्यापुढे धरतो, त्याच्या स्वतःच्याच प्रतींत पाठभेद आहेत.

एका गोष्टीत मात्र स्कॉटिश कुळे आणि आपली कुळे यांचे विलक्षण साम्य आहे, आणि ते टार्टनपेक्षा जुन्या गोष्टीतले आहे. कुळाची खूण म्हणून स्कॉटिश लोक टोपीत एखाद्या वनस्पतीची डहाळी खोवीत. कोणाची हेदर, कोणाची आणखी काही. आपल्याकडे लग्नात देवक बसवितात: कोणाचे कळंब, कोणाचे पंचपल्लव. भाषा विसरली जाते, गाव विसरले जाते, आडनावाचा उच्चार बदलतो. पण देवक बहुधा टिकते, कारण ते घरातल्या बायकांच्या स्मरणात असते. वंशाचा खरा कागद कोठे असेल तर तो तेथे आहे, आणि तो कोणाला दाखविण्यासाठी नसतो.

अशी घरे बंगळुरात पुष्कळ आहेत. १६८७ साली बंगळूर मराठ्यांच्या हातून गेले. मोगल सरदार कासीमखानाने ते घेतले आणि तीन लक्ष रुपयांस म्हैसूरच्या चिक्कदेवराजांच्या स्वाधीन झाले. राज्य गेले, तरी माणसे राहिली. शिपाईगडी राहिले, कारकून राहिले. पुढे कापड रंगविणारे भावसार, शिवणकाम करणारे नामदेव शिंपी यांची वस्ती वाढली. व्यंकोजीराजांनी तंजावरास राज्य स्थापिले होते. १८५५ साली तेही संपले, आणि तिकडची मराठी घराणी दक्षिणेतील संस्थानांत विखुरली. म्हैसूरचे दिवाण व्ही. पी. माधवराव (१९०६–०९) आणि त्यांच्यामागून आलेले टी. आनंदराव (१९०९–१२) हे दोघेही अशाच घराण्यांतले. उलट दिशेचे उदाहरण पाहावयाचे तर द. रा. बेंद्रे यांचे. घरची भाषा मराठी, जन्म धारवाडचा, आणि कानडीचे ते थोर कवी. १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना कानडी काव्याने मिळवून दिला. बेंद्रे मराठी की कानडी, हा प्रश्न विचारणारा माणूस बेंद्र्यांना लहान करीत नाही. तो प्रश्नच लहान ठरतो.

बदलीवर आलेला मराठी नोकरदार तीन-चार वर्षांनी जातो. या घरांना मात्र साडेतीनशे वर्षांत कोणी बदलीचा हुकूम दिला नाही. ज्या मुलुखात मराठी बोलून एक पैचाही लाभ नव्हता, तेथे त्यांनी देव्हाऱ्यातला खंडोबा आणि भवानी ठेविली, चुलीपाशी मोडकीतोडकी मराठी ठेविली. आपण जिला अशुद्ध म्हणतो, तिच्यात कित्येकदा एखादा असा शब्द निघतो की जो पुण्यात केवळ बखरीत उरला आहे. अशा माणसाने वर्षातून एकदा फेटा बांधला, तर त्याच्याकडून वंशावळ मागणारे आपण कोण? आणि ही मागणी आपल्याच दारात येऊन उभी राहील, हेही ओळखले पाहिजे. बंगळुरात स्थायिक झालेल्या कितीतरी मराठी घरांत आज सून कानडी आहे, जावई तमिळ आहे. त्यांच्या नातवंडांचे काय करावयाचे? आईकडून अर्धे मराठी म्हणून त्यांच्या डोक्याला अर्धा फेटा बांधावयाचा? शुद्धतेची कसोटी लावीत बसलो, तर दोन पिढ्यांत फेटा बांधावयास येथे एकही डोके उरणार नाही, आणि १८०९ च्या त्या पलटणींची गत आपली होईल.

यावर कोणी म्हणेल, मग कोणीही काहीही परिधान करावे काय? तसेही नव्हे. स्कॉटिश लोकांनी या बाबतीत काढलेला मार्ग विचार करण्याजोगा आहे. अमुक टार्टन अमक्यानेच नेसावी असा सर्वसाधारण कायदा तेथे नाही; राजघराण्याच्या बाल्मोरल टार्टनसारखे मोजके अपवाद संकेताने पाळले जातात. ज्याचे कूळ निश्चित नाही, तो आपल्या जिल्ह्याची टार्टन नेसतो, किंवा आईच्या, आजीच्या कुळाची. १९९९ साली तेथील एका शीख गृहस्थाने सिंग नावाची टार्टन करविली, आणि ती नेसल्याने तो शीख कमी झाला नाही की स्कॉटलंडचा रहिवासी कमी झाला नाही. संकेत इतकाच की जे नेसावयाचे त्याची माहिती असावी, आणि न मिळालेला मान अथवा न लढलेले युद्ध त्या वेशाच्या आधारे आपले म्हणून सांगू नये. वेशाने आदर दाखवावा. हक्क मागू नये. जातीच्या दाखल्यासाठी कागद लागतात आणि ते तपासलेच पाहिजेत, कारण तेथे दुसऱ्याच्या वाट्याचा प्रश्न असतो. फेट्याने कोणाचा वाटा जात नाही.

दुसरी मर्यादा याहून महत्त्वाची आहे. पूर्वजांचा वेश शेजाऱ्याला हिणविण्यासाठी घातला, की तो पूर्वजांचा राहत नाही. शिवाजीनगरात दर वर्षी २९ ऑगस्टला सेंट मेरीचा ध्वज चढतो आणि ८ सप्टेंबरपर्यंत उत्सव चालतो. त्या दिवसांत हजारो भाविक भगवी वस्त्रे नेसून येतात. त्यांत सारेच ख्रिस्ती नसतात. तो रंग पाहून बाहेरच्या मराठी माणसाला क्षणभर पंढरीची वाट आठवावी. २०२५ साली तेथील भुयारी मेट्रो स्थानकाला सेंट मेरीचे नाव द्यावे, अशी शिफारस करण्याचे आश्वासन कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी दिले, तेव्हा महाराष्ट्रातून निषेधाचे सूर उमटले. त्या वादात शिरण्याचे आम्हांस कारण नाही. पण ज्या वस्तीतील लोकांनी, ते कोणत्याही धर्माचे असोत, इतकी वर्षे शिवाजी हे नाव पत्त्यावर लिहिले आणि बसवाल्याला सांगितले, त्यांचाही त्या नावावर काही अधिकार जडला आहे, एवढे तरी मान्य करावयास हवे.

कर्नाटकात पाहुण्याचा सत्कार करताना त्याच्या डोक्यावर म्हैसूर पेटा ठेवतात. ते शिरोभूषण मुळात राजदरबाराचे. पण ठेवणारा पाहुण्याचे गोत्र विचारीत नाही आणि पाहुणाही आपण वडेयरांच्या वंशातले नाही म्हणून मान मागे घेत नाही. कचेरीच्या निरोपसमारंभात आपल्यापैकी कित्येकांनी तो मान घेतला आहे आणि त्याचे छायाचित्र दिवाणखान्यात लावले आहे. ज्यांनी परक्या राज्याचे पागोटे इतक्या सहजपणे स्वीकारले, त्यांनी बंगळूरच्या जुन्या मराठ्याला त्याच्या पणजोबांचे पागोटे बांधताना अडवावे, हे न्यायाला धरून होणार नाही.

वंश कोणाला निवडता येत नाही. पुष्कळांना तो पुरता ठाऊकही नसतो, आणि ज्यांना ठाऊक आहे असे वाटते, त्यांचेही ज्ञान चार-पाच नावांपलीकडे जात नाही. वेश मात्र निवडावा लागतो. तो निवडताना माणूस इतकेच म्हणत असतो की मागच्या पुष्कळ गोष्टी हरवल्या असल्या तरी ही एक मला हवी आहे. परमुलुखात साडेतीनशे वर्षे काढून ज्याला अजून असे म्हणावेसे वाटते, त्याच्या फेट्याचा पीळ सैल झाला असेल तर तो नीट बसवून द्यावा. त्याचे कूळ विचारण्याची घाई करू नये.